तैवान डायरी : हा देव आधी कोण होता?

तैवानला चाललोय म्हटल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी दोनच गोष्टी सांगितल्या, एक म्हणजे तिकडे सगळे बौद्ध असतात आणि दुसरी म्हणजे चिनी माणसाला देवधर्म काही नसतो. जाऊन आल्यावर सांगते, दोन्ही चूक. तिथे गल्लोगल्ली देवळं आहेत, त्यात शेकडो देव आहेत आणि त्यातले कितीतरी आधी तुमच्याआमच्यासारखी माणसं होती. आमचा भाचा शिनचू शहरात कॉम्प्युटरच्या चिप डिझाइनमध्ये आहे म्हणून मी आणि ताई दोघीच निघालो, चंद्राच्या तिसऱ्या महिन्यात, म्हणजे साधारण एप्रिल-मे. व्हिसा, तिकिटं सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहीत बसत नाही.

पहिला दिवस : तैपेई, लोंगशान मंदिर

सकाळपासून भुरभुर पाऊस. भाच्याची घरमालकीण निवृत्त शिक्षिका, इंग्रजी छान बोलते, ती स्वतःहून आमच्याबरोबर आली. आम्ही तिला काकूच म्हणायला लागलो. काकूंनी दारातच थांबवलं. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडचं ड्रॅगनचं दार, त्यातून आत जायचं, डावीकडच्या वाघाच्या दारातून बाहेर यायचं, मधलं दार देवाचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे मात्र आम्हाला सांगावं लागलं नाही.

लोंगशान १७३८ सालचं, चीनच्या फुजियान प्रांतातल्या च्वानचौ भागातून आलेल्या लोकांनी बांधलेलं. मुख्य देवता ग्वानयिन, म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीला आणि छत्रपती संभाजीनगरच्या लेण्यांमध्ये संकटात सापडलेल्या माणसांना वाचवणारा अवलोकितेश्वर कोरलाय तोच हा, फक्त चीनमध्ये जाऊन शतकं उलटता उलटता स्त्रीरूप झाला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य सभामंडप जळाला पण मूर्ती वाचली, हे काकूंनी अगदी कालपरवा घडल्यासारखं सांगितलं.

आता गंमत अशी की ग्वानयिनला नमस्कार करून मागच्या बाजूला गेलं की बौद्ध धर्म मागे पडतो. तिथे समुद्राची देवी माझू, परीक्षेचा देव वनछांग, सेनापती ग्वान यू, लग्न जुळवणारा म्हातारा युए लाओ, सगळे एका ओळीत. मी काकूंना विचारलं की मग हे देऊळ बौद्ध की चीनच्या जुन्या ताओ धर्माचं? त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, "असं नाही विचारायचं. विचारायचं, हा देव आधी कोण होता आणि आता त्याच्याकडे काय काम आहे." सगळा प्रवास मी हाच प्रश्न धरून केला आणि प्रत्येक देवळात त्याचं उत्तर मिळालं.

वनछांगसमोर टेबलावर परीक्षेच्या हॉलतिकिटांच्या झेरॉक्सची चळत होती. नाव, फोटो, बैठक क्रमांक सगळं त्यात आलं, देवाला शोधाशोध नको.

ताईला गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारायचं होतं. त्यासाठी लाल रंगाचे लाकडी अर्धचंद्र असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही हातांत धरून मनात आधी स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि पूर्ण पत्ता सांगायचा. पत्ता काकूंनी दोनदा बजावून सांगितला. ताईने कोथरूडचा फ्लॅट नंबर, सोसायटी, पिनकोडसकट सगळं पुटपुटलं आणि तुकडे सोडले, दगडी फरशीवर खट्ट आवाज झाला. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसतोय, प्रश्न नीट विचार. काकू म्हणाल्या काय विचारलं? ताई म्हणाली, ऑपरेशन करू का आणि या वर्षी करू का पुढच्या. "हे दोन प्रश्न झाले, एकेक विचार." मग एक सपाट एक फुगीर पडलं, म्हणजे हो. दोन्ही फुगीर आले तर नाही. याला जुगार म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण मी शेजारी उभी होते, आपल्याला नक्की काय विचारायचंय हे ताईने गेल्या वर्षभरात पहिल्यांदा धड ठरवलं ते तिथे.

टीप : देवळांना तिकीट नाही, बहुतेक पहाटे ६ च्या सुमारास उघडतात. लोंगशानमध्ये २०२० पासून उदबत्त्या लावत नाहीत, नुसते हात जोडायचे. घरून उदबत्ती नेऊ नका.

दुसरा दिवस : दीहुआ स्ट्रीट आणि शिंगत्यान मंदिर

दीहुआ स्ट्रीट म्हणजे सुकामेवा, वाळवलेली मशरूम, चहा आणि औषधी मुळ्यांचा जुना बाजार, वासानेच भूक लागते. मधेच शिया-हाय नगरदेवाचं एवढंसं देऊळ आहे, १८५९ मध्ये पूर्ण झालेलं. तरुण मुलामुलींची रांग युए लाओच्या लाल दोऱ्यासाठी, पण घरचा खरा मालक नगरदेव. प्रत्येक शहराला असा एक असतो आणि तो पद सांभाळतो. त्या शहरातल्या माणसांच्या बऱ्यावाईटाची नोंद ठेवणं हे त्याचं काम. बादशाही काळात नवा अधिकारी शहरात रुजू व्हायचा तेव्हा आधी नगरदेवाच्या देवळात हजेरी लावायचा.

त्याच्या पदरी दोन शिपाई आहेत, त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. एक उंच, पांढऱ्या कपड्यातला, जीभ बाहेर लोंबतेय. दुसरा बुटका, काळा. आमच्यासमोर एका टुरिस्ट बाईने लेकराला घाबरवत "डेव्हिल" म्हणून फोटो काढला आणि मला फार वाईट वाटलं, कारण दोन मिनिटांपूर्वीच काकूंनी त्यांची गोष्ट सांगितली होती. हे दोघे जिवलग मित्र. पुलाखाली भेटायचं ठरलं. पाऊस आला म्हणून उंच मित्र छत्री आणायला गेला, इकडे नदीला पूर आला. बुटक्याने शब्द दिला होता इथेच थांबतो म्हणून, तो हलला नाही आणि बुडाला. उंच परत आला, पाहिलं, आणि तिथेच गळफास घेतला, म्हणून ती जीभ. शब्द पाळणारे म्हणून त्यांना मेल्यावर ही नोकरी मिळाली. लोक त्यांना सातवे मालक, आठवे मालक म्हणतात, आदरानेच.

इथेच दुकानात ताईला लाफिंग बुद्धा दिसला, तिच्या शोकेसमध्ये आहे तसाच. तो गौतम बुद्ध नाहीच हे तिला आज कळलं. तो बुदाय, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेला चीनमधला एक भटका भिक्षू, खांद्यावर झोळी घेऊन फिरायचा, पुढे लोकांनी त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानला. आणि "तो स्वतः विकत घ्यायचा नसतो, भेटच मिळावा लागतो" हे जे आपल्याकडे ठामपणे सांगतात ते काकूंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुपारी जेवण. शाकाहारी लोकांनो, तैवानमध्ये पाटीवर स्वस्तिक दिसलं की बिनधास्त आत शिरा, ते शाकाहारी हॉटेल असतं. बुफे वजनावर, भाज्यांचे वीसेक प्रकार. कांदा-लसूण बहुतेक नसतोच.

संध्याकाळी शिंगत्यान. इथे मुख्य देव ग्वान यू, लाल चेहऱ्याचा सेनापती, इ.स. २२० मध्ये मारला गेला. त्याला सगळे युद्धाचा देव म्हणून मोकळे होतात, पण रांगेत होते दुकानदार आणि ऑफिसवाले. कारण तो शब्दाला जागणारा आणि हिशेबाला चोख, म्हणून व्यवहार त्याच्या साक्षीने. हाँगकाँगमध्ये तर पोलीस चौकीतही तोच आणि गुंडांच्या अड्ड्यावरही तोच. या देवळाने २०१४ मध्ये उदबत्त्या बंद केल्या, नैवेद्याची टेबलंही काढली, देवा-पितरांच्या नावाने सोनेरी-चंदेरी कागद जाळतात ते तर इथे नव्हतंच. धूर आणि ढोल-ताशे म्हणजेच हा धर्म असं वाटणाऱ्यांनी इथे तासभर थांबावं. निळे झगे घातलेल्या सेवेकरी बायका ओळीने उभ्या असतात आणि भेदरलेल्या, झोप उडालेल्या माणसाची "भीती उतरवून" देतात. मीही रांगेत उभी राहिले. बाईंनी नाव विचारलं, काहीतरी पुटपुटत समोरून आणि पाठीवरून हात फिरवला, मिनिटभराचं काम. पैसे घेत नाहीत. माझ्या पुढे टाय घातलेला माणूस होता, त्याचे डोळे भरून आले होते.

रात्री भाच्याकडे शिनचूला. हा विषय निघाल्यावर तो म्हणाला मावशी, आमच्याकडे सर्व्हरवर क्वाई क्वाईचं पाकीट ठेवलेलं असतं. मक्याच्या कुरकुऱ्यांसारखा खाऊ आहे तो. पाकीट हिरवंच पाहिजे आणि एक्सपायरी उलटलेलं चालत नाही, तारीख बघून बदलतात. जगातल्या कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणारी ही माणसं.

तिसरा दिवस : लुगांग

शिनचूहून हायस्पीड ट्रेनने अर्ध्या तासात ताईचुंग, पुढे बस. ऊन चांगलंच तापलं होतं. माझूचा वाढदिवस चांद्र तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेला, त्यामुळे आधीचे दिवस सगळ्या बेटावरून पालख्यांची ये-जा चालू असते. नवं देऊळ उभारताना जुन्या देवळातून उदाची राख आणतात, त्यामुळे नवीन माझूचं जुनं देऊळ म्हणजे माहेर, आणि या महिन्यात ती माहेरी जाते. लुगांगचं देऊळ अशा कितीतरी माझूंचं माहेर आहे. अंगण पालख्यांनी, झेंड्यांनी भरलेलं, फटाक्यांच्या लाल कागदाचा खच घोट्याएवढा.

माझूबद्दल काकूंनी निघतानाच सांगून ठेवलं होतं, तिला "चायनीज गॉडेस" म्हणून सोडून देऊ नका, तिचं गाव आहे, आडनाव आहे. चीनच्या किनाऱ्याजवळच्या मेइचौ बेटावरची लिन घराण्यातली मुलगी, परंपरेने जन्म ९६० चा. जन्मल्यावर महिनाभर रडली नाही म्हणून नाव मोनियांग, म्हणजे अबोल मुलगी. समुद्रात अडकलेल्या बापाला-भावांना वाचवायला तिचा जीव देहाबाहेर जायचा अशी कथा. ९८७ मध्ये, तिशीच्या आतच गेली. खलाशी तिचा धावा करायला लागले, गोष्ट दरबारापर्यंत गेली आणि बादशहांनी तिला पदव्या द्यायला सुरुवात केली, १२८१ मध्ये मंगोल बादशहा कुब्लाई खानाने तिला स्वर्गाची राणी केलं, पुढे छिंग राजवटीत ती सम्राज्ञी झाली. देवाला बढती मिळते हे ऐकून आपल्याला विचित्र वाटतं, पण तिथे ते सरळ आहे. काम दाखवलं, लोकांनी साक्ष दिली, दरबाराने शिक्का मारला. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत मेइचौचं मूळ देऊळ पाडलं गेलं, नंतर पुन्हा उभं राहिलं, आणि २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली.

लुगांगच्या माझूचा चेहरा काळा आहे. "काळी देवी, तांत्रिक असेल" असं एका व्हिडिओत ऐकलेलं, तसलं काही नाही, शेकडो वर्षांच्या धुराने काळवंडलाय तो. दोन बाजूंना दोन राक्षसासारखे दिसणारे, एक हजार मैलांवरचं बघणारा, एक वाऱ्यावरचं ऐकणारा. तिने दोघांना हरवून कामाला लावलं, आता बुडणाऱ्याची हाक तेच तिच्यापर्यंत पोचवतात.

मग स्पीकरवर टेक्नो संगीत सुरू झालं आणि भलीमोठी डोकी असलेली बाहुली देवं नाचायला लागली, पांढरे हातमोजे, गॉगल, एक तर मोटरसायकलवर. हा नेझा, तिसरा राजकुमार. पोरंटोरं, आज्या सगळे टाळ्या वाजवतायत. मला अंगावर काटा आला तो वेगळ्या कारणाने. हा नेझा म्हणजे मुळात आपला नलकूबर, कुबेराचा मुलगा. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेला, चिनी सेनापतीचा खोडकर पोरगा झाला आणि आता गॉगल लावून नाचतोय. आपण इकडे त्याचं नावही विसरलो. त्या गर्दीत मी ताईला ओरडून ओरडून हे सांगितलं, तिने शेवटी त्या बाहुल्याला नमस्कार केला.

एका पालखीपुढे अंगात आलेला माणूस होता, उघड्या पाठीवर तलवारीने वार करून घेत होता, बाजूचे लोक त्यावर तांदळाची दारू फुंकत होते. रक्त होतं. मला ते बघवलं नाही, मी मान फिरवली, आणि मला ते पटलंही नाही. पण यूट्यूबवर तेवढंच दाखवून "चिनी लोकांचा भयानक धर्म" म्हणतात तेही पटत नाही, कारण दिवसभरात ती दहा मिनिटं होती आणि उरलेला वेळ लोक अनोळखी यात्रेकरूंना पाणी, फळं, गरम भात वाटत होते. आम्हालाही थांबवून थांबवून हातात केळी कोंबली.

टीप : पालखी आली की लोक रस्त्यावर ओळीने पालथे होतात आणि पालखी वरून जाते. तुम्हीही करू शकता, कुणी अडवत नाही, पाठीवरची सॅक काढून ठेवा. अंगात आलेल्या माणसाचे जवळून फोटो नको. इथे "गायीची जीभ" नावाची बिस्किटं मिळतात, दचकू नका, आकारावरून नाव आहे. डुकराची चरबी नाही ना तेवढं मात्र विचारून घ्या.

चौथा दिवस : ताईनान

जुनी राजधानी. चांद्र महिन्याची पंधरा तारीख, म्हणजे पौर्णिमा होती, त्या दिवशी आणि पहिल्या तारखेला पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे स्वस्तिकवाल्या हॉटेलात जागा मिळेना. देवळासमोर कोहळ्याचं थंडगार सरबत प्यायलो, गुळासारखं लागतं, उकाड्यात जीवात जीव आला.

नगरदेवाच्या देवळात आत शिरलं की वर मोठी पाटी, अर्थ साधारण "आलास ना तू!" आणि भिंतीवर भलाथोरला अॅबॅकस, मणी सरकवायचा. कुणाच्या खात्यात काय जमा आणि काय नावे याचा हिशेब. ताई तिथे बराच वेळ गप्प उभी होती. जवळच्या तोंग्युए मंदिरात पाताळाचे दरबार आहेत, एकूण दहा न्यायाधीश, पाचव्याचं नाव यानलुओ. तो आपला यम. पण इथे तो एकटा राजा नाही, दहातला एक. आणि शिक्षा भोगून झाली की पुन्हा जन्म, त्यामुळे पाताळ म्हणजे ख्रिश्चन लोकांचं कायमचं नरक समजू नये.

संध्याकाळी स्वर्गाचं देऊळ, थ्यानथान, जेड सम्राटाचं. त्याला सगळीकडे "चिन्यांचा परमेश्वर, विश्वाचा निर्माता" लिहितात. त्याने जग निर्माण वगैरे केलेलं नाही. तो सगळ्या देवांचा वरिष्ठ, खालून अहवाल येतात ते बघणारा. आणि इथे त्याची मूर्तीच नाही, नुसती नावाची पाटी पुजतात, एवढ्या मोठ्याला माणसाचा चेहरा कसा द्यायचा. हा सगळा धर्म मूर्तींचा असं डोक्यात घेऊन आलेल्या आम्हा दोघींना हे फार भिडलं.

प्रत्येक देवळातून निघताना मुख्य टेबलाखाली वाकून बघितलं. काकूंनी सांगितलं होतं, खालीही बघत जा. एका देवळात तिथे वाघोबा होते, छोटेसे, समोर कच्ची अंडी. ग्वानयिनला शाकाहारी, वाघाला अंडी-मांस, प्रत्येकाचं ताट वेगळं. पोरांना गालगुंड झालं की याच वाघाकडे आणायचे.

पाचवा दिवस : ताईनान, परतीचा

सकाळी खाली उतरलो तर गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी दारात टेबल मांडलेलं, फळं, बिस्किटं, कोल्ड्रिंकचे डबे, प्रत्येकावर उदबत्ती. चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तारखेला दुकानदार भूमीदेवाला पुजतात, तू-दी गोंग. दाढीवाला हसरा आजोबा, प्रत्येक मोहल्ल्याचा स्वतंत्र, हद्द संपली की दुसरा. बाजूला पत्र्याच्या डब्यात त्या कागद जाळत होत्या.

या कागदांवरून लोक म्हणतात देवाला लाच देतात. मी मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर जरा सौम्य करून विचारलं. त्यांनी दोन गठ्ठे पुढे धरले. सोनेरी वर्खाचे देवांना, चंदेरी पितरांना आणि ज्यांना कुणी नाही अशा भुतांना. मग फोनवर बोलल्या, "देवाने वर्षभर लक्ष ठेवलं त्याचं देणं. आणि भुतं म्हणजे तरी कोण, ज्यांचं मागे कुणी उरलं नाही ती माणसं. कुणीतरी द्यायला नको?" यात लाच कुठे आहे मला दिसली नाही. आपल्या देवांना कुणी एका वाक्यात उडवून लावलं की आपल्याला किती झोंबतं, मग दुसऱ्याच्या देवांबद्दल इतक्या सहज बोलायचं कशाला.

उदबत्त्या विझल्यावर टेबलावरची संत्री आणि बिस्किटं त्यांनी आमच्या पिशवीत घातली, प्रसाद वाटून खायचाच असतो. ट्रेनमध्ये तोच नाश्ता झाला.

जाणाऱ्यांसाठी : माझूच्या यात्रा बघायच्या तर चांद्र तिसरा महिना धरा, ताईचुंगजवळच्या दाज्याहून निघणारी माझूची मोठी पालखी नऊ दिवस चालते आणि ३०० किलोमीटरच्या वर जाते, सुटायची तारीख दरवर्षी चंद्राच्या पहिल्या महिन्यात अर्धचंद्र टाकून ठरवतात, त्याआधी हॉटेल बुक करू नका. ईझीकार्ड विमानतळावरच घ्या, बस-मेट्रो-किराणा सगळीकडे चालतं. ताईनानचं हायस्पीड स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून लोकल ट्रेन धरायची. सातवा महिना भुतांचा म्हणून काही एजंट टाळायला सांगतात, काकू म्हणाल्या उलट तेव्हाच या, उत्तरेच्या कीलुंग शहरात अनाथ भुतांसाठी रस्तोरस्ती जेवणाची टेबलं मांडतात. ताईचा गुडघा ऑपरेशननंतर ठीक झाला की आम्ही त्याच महिन्यात जाणार आहोत, साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, कुणाला यायचं असेल तर सांगा.